एकच शेक

थोरल्या लेकीनं आप्पांच्या व्हीलचेअरचा ब्रेक लावला आणि दारातच ठाण मांडलं.

"दहा वेळा रेडिएशनचा शेक द्यायचं ठरलं होतं ना? मग आज एकदाच कसं?"

डॉक्टरबाईंचे फक्त डोळेच दिसत होते. "मांडीच्या हाडाचं दुखणं कमी व्हायला एका शेकानंही तेवढाच गुण येतो. साथीत रोज दवाखान्यात येणं बरं नाही. आधी दोन-तीन दिवस दुखणं वाढेल, घाबरू नका."

"म्हाताऱ्या माणसावर कशाला मशीन झिजवायचं, असं सरळ म्हणा की!"

डॉक्टरबाईंनी आप्पांकडे पाहिलं. खुर्चीतले आप्पा मास्कची दोरी कानामागे चाचपत राहिले.

आप्पांना आत नेलं आणि जाड दार बंद झालं. तिला नीट टेकताही आलं नाही, तोच आप्पांना बाहेर आणलं.

"झालं?"

"झालं," आप्पा म्हणाले. "केस कापायला याहून जास्त वेळ लागतो."

तिला हसू आलं नाही. घरी आल्यावर आप्पा कण्हू लागले, तेव्हा तिनं धाकट्या भावाला फोन लावला. "हात झटकले रे त्यांनी. आपल्याला गंडवलंय." पुढं कण्हणं कमी झालं, तर तिला नवाच संशय: आपल्यासाठी सोसतायत. चादर सारखी करताना ती मुद्दाम त्यांच्या मांडीपाशी हात टेकवून त्यांचा चेहरा न्याहाळायची.

एका दुपारी ती चहा गाळत असताना बाहेर फोन वाजून थांबला. आप्पांचा आवाज आला, दबका. ती दाराआड उभी राहिली.

"नाही हो, तिला कळू देऊ नका. एकदाच द्या म्हणून मीच तुमच्या मागं लागलो, हे कळलं तर घर डोक्यावर घेईल... तिला लहानपणापासून दमा आहे, डॉक्टर. रोज मला घेऊन आली असती, कुणाचं ऐकलं नसतं. तुम्हाला उगाच बोलणी खावी लागली."

ती कप घेऊन बाहेर आली.

"कुणाचा फोन?"

"राँग नंबर."

"बराच बोलघेवडा होता."

आप्पांनी रिसीव्हर जागेवर ठेवला. आणि तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं, की पलंग आतल्या खोलीत आहे आणि आप्पा इथं, बाहेर, एक हात भिंतीला लावून उभे आहेत.

धावत जाऊन आधार द्यायला तिचा पाय उचलला होता. तो तिनं मागं घेतला आणि होती तिथूनच कप पुढं धरला.

"घ्या. निवतोय."

आप्पांनी भिंत सोडली.