नीराबाईंच्या हातची फळं

नीराबाईंनी पेरू वाहत्या नळाखाली धरला आणि देठाजवळची खाच अंगठ्यानं दोनदा चोळली. सुरी धुतली, फोडी केल्या आणि ताटली सुनेपुढे ठेवली.

"आत्ताच खा. चिरून ठेवलेलं नको."

पनवेलच्या दवाखान्यात अनुयाच्या गर्भाशयात गर्भ सोडल्याला नऊ दिवस झाले होते. ही दुसरी खेप. पहिल्या खेपेला गर्भ धरला नाही, तेव्हा शेजारच्या मनुबाईंनी चौल गावभर करून टाकलं होतं, की एवढ्या शिकलेल्या मास्तरीणबाई आणि अननस खाल्लान्! दोनच फोडी होत्या. पण वर्षभर अनुयाला त्या विसरता आल्या नाहीत.

या वेळी नीराबाई एकही फळ परस्पर तिच्या हाती पडू देत नव्हत्या. अनीशनं बायकोसाठी आणलेली द्राक्षंसुद्धा आधी त्यांच्याकडे जात. आईंचा आपल्यावर विश्वास उरला नाही, असं समजून अनुया मुकाट खायची. एके दुपारी ताटलीत अननस आला. तिनं हात मागे घेतला.

"खा," नीराबाई एवढंच म्हणाल्या.

पंधराव्या दिवशी रक्त तपासलं. संध्याकाळी दवाखान्यातून फोन आला. याही वेळी नाही.

दोन दिवसांनी मनुबाई ओटीवर येऊन बसल्या. अनुया आत माजघरात पडून होती. तिला सगळं ऐकू येत होतं.

"ह्या वेळी काय खाल्लान् हिनं?"

"मी दिलं ते," नीराबाई म्हणाल्या. "पेरू, चिकू, अननससुद्धा. माझ्या हातचं सोडून एक फोड तिनं तोंडात घातली नाही. बोल लावायचा तर मला लावा."

"अननस? अहो, पण—"

"मी स्वतः पनवेलला जाऊन डॉक्टरीणबाईंना विचारून आले. पिकलेलं फळ धुऊन, ताजं चिरून खाल्लं तर काही होत नाही म्हणाल्या. गर्भ कधी धरतो, कधी धरत नाही. मागच्या वेळीही तेच झालं होतं. आता हेसुद्धा सांगा गावात."

मनुबाई चहाला थांबल्या नाहीत.

अनुया उठून बसली. गुडघ्यांमुळे आई रेवदंड्याच्या बाजारालाही जात नसत. पनवेलला म्हणजे दोन एसट्या बदलून, तेही कुणाला न सांगता.

नीराबाई आत आल्या आणि भिंतीला धरून तिच्याशेजारी खाली बसल्या.

"मागच्या वेळी मी गप्प बसले," त्या म्हणाल्या. "ते चुकलं माझं."

फोन आल्यापासून अनुया रडली नव्हती. आता रडली. नीराबाईंनी तिला रडू दिलं.