जड स्टेअरिंग

आमच्या घरात बायकांना पूर्ण मोकळीक आहे. हे मी म्हणत नाही, आमचे हे म्हणतात, आणि चारचौघांत म्हणतात, म्हणजे खरंच असणार. सम्राट त्यांचं नाव. शाहूपुरीत पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे. गिऱ्हाइकाला मोटार दाखवता दाखवता ते आमच्या घरची मोकळीकही दाखवून घेतात. बायको बी.एस्सी. आहे, ड्रेस घालते, माहेरी आजऱ्याला एकटी एसटीनं जाते, कोण काही बोलत नाही. गिऱ्हाईक मान हलवतं. त्याला पाच एचपीची मोटार हवी असते.

दसऱ्याला आम्ही नवी गाडी घेतली. शोरूममधली पोरगी यांना आत बसवून सगळी बटणं समजावून सांगत होती. मी खाली होते, कारण चार चाकांखाली चार लिंबं ठेवण्याची जबाबदारी घरच्या सुनेची असते आणि आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, प्रत्येक लिंबू सरळ बसलंय का ते वाकून बघत होत्या. त्यामुळं त्या पोरीचं एक अक्षर माझ्या कानावर आलं नाही. काचेतून एवढंच दिसलं, की काळा गॉगल घातलेले आमचे हे शहाण्या विद्यार्थ्यासारखी मान डोलावतायत. मला वाटलं, फोटोसाठी असेल.

गाडीत काय काय आहे ते मला दुसऱ्या दिवशी जेवताना कळलं. गाडी घसरायला लागली की ओळखणारी एक सिस्टीम असते. ती आपणहून एखाद्या चाकाला ब्रेक लावते, इंजिनाचा जोर कमी करते आणि गाडी वळणावर ताळ्यावर आणते. शिवाय स्टेअरिंग हवं तर हलकं, हवं तर जड करता येतं, जड म्हणजे स्पोर्ट. मी म्हटलं, चांगलंच आहे की. तर हे हसले. यांचा मित्र पृथ्वीराज चहाच्या गाडीवर यांना विचारून बसला होता, की मग गाडी तू चालवतोस का गाडी तुला चालवती? हा प्रश्न यांच्या फार जिव्हारी लागला. त्या दिवसापासून सिस्टीम बंद आणि स्टेअरिंग जड. जड स्टेअरिंगनं टायर रस्त्याला घट्ट धरतात, असाही एक शोध त्या चहाच्या गाडीवर लागला. स्टेअरिंग जड केलं की फक्त हात दुखतो, टायरला त्यातलं काही कळत नाही, हे सांगायला तिथं कोणी नव्हतं.

यांचं दुकान घरापासून चालत जाण्याइतकं जवळ. त्यामुळं ही मर्दानी गाडी दिवसभर दारात कव्हर पांघरून झोपलेली असायची.

जानेवारीत मला नोकरी लागली. शिरोळकडं एका गावात दुधाचं शीतकरण केंद्र आहे. तिथल्या प्रयोगशाळेत दूध तपासायचं काम. लग्नाआधी मी हेच काम करत होते आणि मला ते मनापासून आवडतं. तुम्ही हसाल, पण दुधात कोणी काय मिसळलंय ते शोधून काढण्यात मला जेवढा आनंद मिळतो तेवढा पाहुण्यांना पोहे देण्यात मिळत नाही. अडचण एकच होती. दूध पहाटेच येतं आणि त्या वेळेला तिकडं जाणारी एसटी नाही. मुलाखतीत अंबादास साहेबांनी विचारलं, गाडी आहे का? मी म्हटलं, आहे. लायसन? तेही आहे. पुढच्या सोमवारी हजर व्हा, म्हणाले.

घरी सांगितलं तर हे एकदम खूश. दुकानात पेढे वाटले. मिसेस आता स्वतः गाडी घेऊन शिरोळला जाणार, असं अर्ध्या शाहूपुरीला सांगून आले. आत्तींनी फक्त एवढंच विचारलं, की असली गाडी बाईमाणसाच्या हाताला झेपंल का? त्यावर हे म्हणाले, झेपवून घेऊ.

मग रोज सकाळी माझा सराव सुरू झाला. आणि खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत मला या माणसाचं कौतुक वाटायचं. माझ्या आधी उठून खाली जायचे, गाडी सुरू करायचे, फाटकाबाहेर काढून द्यायचे. किल्ली त्यांच्याच खिशात असायची. मी म्हणायचे, मी करते की सुरू. तर म्हणायचे, थंड गाडी तुझ्या हातात कशी देऊ, गरम करून देतो. मी बसले की समोरचा पिवळा दिवा दाखवायचे. त्यावर घसरणाऱ्या गाडीचं चित्र होतं. हा दिवा लागलाय म्हणजे सिस्टीम चालू, तुझ्यासाठी चालू केली, स्टेअरिंगपण एकदम हलकं करून दिलंय, बघ.

त्या हलक्या स्टेअरिंगनं माझे खांदे भरून यायचे. गाडी वळवताना वाटायचं, जात्यावर कुणीतरी दुसरं उलटं ओढतंय. एकदा हातकणंगल्याच्या अलीकडं, ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर आणलेल्या चिखलात गाडीचं मागचं अंग सरकलं. मी ओरडलेच. हे शेजारी बसून समजुतीनं म्हणाले, "गाडीचा दोष न्हाय. तुज्या मनगटात जोरच न्हाय, त्याला तू तरी काय करणार?"

मी खरं मानलं. आजऱ्याच्या चढ-उतारावर वडिलांची जुनी जीप चालवलेली मी, खरं मानलं. बाजारातून मऊ रबरी चेंडू आणला आणि भाजी शिजेपर्यंत दाबत बसायचे. धुण्याचं मशीन बाजूला ठेवून गोधड्या हातानं पिळल्या. एकदा न्हाणीघरात नळ सोडून रडलेसुद्धा. मनगटापायी नोकरी जाणार, याचा राग येत होता, आणि तो राग मी माझ्याच मनगटावर काढत होते.

शनिवारी मीच म्हटलं, जमत नाही. हे खूप हळहळले. पण फोनवर नकार देणं बरं दिसत नाही, असं त्यांचं मत पडलं. सोमवारी मी स्वतः तुला घेऊन जातो, तू साहेबांना तुझ्या तोंडानं सांग, म्हणजे माणसं नावं ठेवणार नाहीत. केवढी ही माणुसकी. मला भरून आलं.

सोमवारी निघालो तेव्हा अजून झुंजूमुंजू होत होतं. हे चालवत होते. पिवळा दिवा लागलेला बघून मला वाटलं, आज मी शेजारी आहे म्हणून बिचाऱ्यांनी सिस्टीम चालू ठेवलीय. पुढं दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर चालला होता. त्याच्या मागं राहणं यांच्या गाडीला शोभण्यासारखं नव्हतं. त्याला मागं टाकलं आणि समोर वळण आलं. वळणावर काळ्या मातीचा राडा आणि त्यावर कुणाच्या तरी पाटाचं पाणी. यांनी दचकून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून घेतला आणि स्टेअरिंग जोरात फिरवलं. गाडीचं तोंड वळलं, पण मागचं अंग त्याच्याही पुढं जायला निघालं. आमची एक पूर्ण गिरकी झाली. थांबलो तेव्हा मागच्या काचेला ऊस टेकला होता आणि इंजिन बंद पडलं होतं.

दोघंही धड होतो. स्टेअरिंगच्या हिसक्यानं मात्र यांचं उजवं मनगट मुरगळलं होतं. ते मनगट पोटाशी धरून हे समोर बघत बसले.

मागं टाकलेला ट्रॅक्टर तेवढ्यात सावकाश येऊन थांबला. चालवणारे गुंडूबापू नावाचे वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी खाली उतरून आधी उसाकडं बघितलं, मग आमच्याकडं.

"पावणं, तोडायला टोळी येणार हाय की उद्या," ते म्हणाले. "तुमी कशाला गाडी घातली?"

त्यांनी साखळी लावून आम्हाला रस्त्यावर ओढून काढलं, वर पाणीही प्यायला दिलं. यांचं मनगट बघून मला म्हणाले, तुम्हीच घ्या आता चालवायला. मी म्हटलं, मला झेपत नाही हो. ते म्हणाले, मग ह्यांना झेपतंय व्हय? आणि ट्रॅक्टरवर चढले.

दुसरा इलाज नव्हता. मी बसले, आयुष्यात पहिल्यांदा ती गाडी माझ्या हातानं सुरू केली. समोरचे सगळे दिवे लागले आणि विझले. पिवळाही विझला. मी घाबरले, म्हटलं, सिस्टीमचंच काहीतरी तुटलं. मग वळवायला स्टेअरिंग धरलं, तर ते एका हाताच्या बोटांनी फिरलं. मला वाटलं, आता स्टेअरिंगही तुटलं. मी थांबून यांना सांगितलं, उतरा, गाडी मोडलीय.

हे खिडकीबाहेर ऊस बघत होते, जणू पहिल्यांदाच बघतायत.

"मोडली न्हाय," शेवटी म्हणाले. "बंद करून चालू केली की सगळं आपोआप जाग्यावर येतंय. सिस्टीमपण, स्टेअरिंगपण."

"मग तो दिवा?"

"सिस्टीम बंद केली की लागतोय त्यो."

मला कळायला जरा वेळ लागला. म्हणजे गाडी रोज हलकीच उठत होती. रोज सकाळी कोणीतरी माझ्या आधी खाली जाऊन, बटण दाबून धरून, ती सांभाळणारी सिस्टीम बंद करत होतं, स्टेअरिंग जड करत होतं, आणि मग मला गाडी गरम करून देत होतं. शोरूममधल्या पोरीचं त्या दिवशी सगळ्यांत जास्त लक्ष देऊन ऐकणारा माणूस गॉगलवाला होता.

"रोज?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली.

"आन का?"

या प्रश्नाला ते काहीतरी बनवून सांगतील असं वाटलं होतं. बहुतेक मनगट फार ठणकत असावं, कारण खरं बोलले.

"मी न्हाय म्हटलो असतो तर मानसं काय म्हणली असती? सगळीकडं मोकळीक मोकळीक सांगत फिरतोय मी. तुलाच झेपलं न्हाय म्हणजे तूच नको म्हणशील, आसं वाटलं. मला न्हाय म्हणायला लागणार न्हवतं."

मला गोधड्या आठवल्या. न्हाणीघरातला नळ आठवला. चिखलात गाडी सरकली तेव्हा मी ओरडले होते आणि हा माणूस शेजारी बसून मला समजावत होता. त्या क्षणी मला त्याला उसातच उतरवून द्यावंसं वाटलं, आणि वाटलं ते सांगितलंही. मग गाडी पहिल्यात टाकली, कारण साहेबांनी दिलेली वेळ जवळ आली होती.

पुढचा रस्ता मी चालवला. आणखी दोन ठिकाणी तसाच राडा लागला. मी बेतानंच जात होते. एकदा पाण्यावर मागची चाकं जरा हलल्यासारखी वाटली. तेवढ्यात पिवळा दिवा दोनदा लुकलुकला, गाडी स्वतःच थोडी दबली आणि सरळ झाली. दिवा लुकलुकला म्हणजे सिस्टीम काम करतेय, हे मला कोणी न सांगता समजलं. शेजारचे गृहस्थ वरची कडी डाव्या हातानं धरून बसले होते.

केंद्रावर पोचलो तेव्हा कॅन उतरत होते. अंबादास साहेबांनी यांच्या अंगावरचा चिखल बघितला आणि काही विचारलं नाही, माणूस सभ्य. मला विचारलं, रोज यायला जमेल ना? मी बोलायच्या आत हे म्हणाले, काय आहे साहेब, गाडी जरा हेवी आहे, आणि हिच्या...

"जमंल," मी म्हटलं. "उद्यापासून येते. गाडी हलकी हाय."

यांनी तोंड मिटलं. साहेबांनी मला प्रयोगशाळा दाखवली. दोन वर्षांनी पुन्हा तो वास आला, दुधाचा आणि ॲसिडचा. मला इतकं बरं वाटलं, की थोडा वेळ मी रागही विसरले. थोडाच वेळ.

घरी आत्तींना सांगण्यात आलं, की ट्रॅक्टरवाल्यानं कट मारला. आत्तींनी लिंबू उतरवून टाकलं. संध्याकाळी मनगटाला पट्टी बांधून हे दुकानात गेले आणि गिऱ्हाइकांना म्हणाले, मिसेसनं आज शिरोळपर्यंत गाडी नेली, आमच्याकडं पूर्ण मोकळीक आहे. हे मला पृथ्वीराजनंच फोन करून कळवलं, वर अभिनंदनही केलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी खाली आले तर हे माझ्या आधी गाडीशी उभे. सवय. डावा हात पुढं केला आणि म्हणाले, आण किल्ली, गरम करून देतो. मी म्हटलं, नको, मला थंडच चालते.

मी बसले. सुरू केली. पिवळा दिवा लागला, विझला. हे काचेशी वाकले.

"झालं गेलं सोड की आता," ते हळू म्हणाले. "किती दिवस धरून बसणार हायस?"

त्यांचा चेहरा खरोखर पडला होता. मला थोडी दयाही आली, खोटं कशाला बोलू.

"गाडी बंद करून चालू केली की तिला कालचं काय आठवत न्हाय," मी म्हटलं. "मला तसली सिस्टीम न्हाय. फाटक उघडा."

त्यांनी पट्टीचा हात सांभाळत, एका हातानं, फाटकाची दोन्ही दारं उघडली.