रॉकेटतळावरची सरकारी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. हसू नका. खुर्चीचं काय ऐकायचं, असं तुम्हाला वाटेल. पण माझ्यावरून माणूस उठला की उडायला निघालेलं रॉकेट जागच्या जागी थांबायचं. आहे तुमच्या घरात अशी खुर्ची?

माझा जन्म एका साध्या कारखान्यात झाला. लोखंडी पाय, काळी गादी आणि गादीखाली एक बटण. समुद्रकाठी एका खासगी कंपनीने रॉकेटतळ बांधायला घेतला, तेव्हा सरकारने मदत केली आणि एक अट घातली. उड्डाणाच्या वेळी सरकारचा सुरक्षा निरीक्षक माझ्यावर बसेल. सगळं ठीक असेल तोवर बसून राहायचं, काही खटकलं की नुसतं उठायचं. बटण सुटलं की उलटी मोजणी बंद. ना आरडाओरडा, ना वादावादी.

पहिले निरीक्षक भले गृहस्थ होते, पण जन्म सरकारी कचेरीत गेलेला. ऐन मोजणी चालू असताना त्यांचे मोठे साहेब पाहायला म्हणून आत आले आणि हे सवयीने ताडकन उठून उभे राहिले! झालं, सगळी तयारी पाण्यात. तेव्हापासून दारावर पाटीच लागली की उड्डाणाच्या वेळी कोणाही साहेबाने आत येऊ नये.

त्यांच्यानंतर ताई आल्या. कमी बोलणाऱ्या, पण डोळ्यांत तेल घालून पाहणाऱ्या. तळाच्या प्रमुखांना सगळे काका म्हणत. त्यांनी घरदार विसरून तो तळ उभा केला होता. ते ताईंना चिडवायचे, "काय सरकार, आज तरी बसून राहणार ना?" ताई हसायच्या आणि आधी माझी गादी दाबून बटण तपासायच्या. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू?

एकदा मोजणी शेवटाला आली आणि ताई उठल्या. उड्डाणासाठी होड्यांना बंद केलेल्या समुद्रात त्यांना एक होडी दिसली होती. काकांचा चेहरा पडला. "पुन्हा सगळं पहिल्यापासून," एवढंच ते म्हणाले आणि तरातरा बाहेर गेले. होडी हटवायला ते स्वतःच गेले, रागारागाने. होडीचं इंजिन बंद पडलं होतं. कोळी ते दुरुस्त करत होता आणि त्याची चिमुरडी जाळ्यांवर गाढ झोपली होती. काकांनीच तिला उचलून किनाऱ्यावर आणलं.  परत आल्यावर त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि माझ्यावरची धूळ पुसली. पुढे ते काम त्यांनी दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही.

आमची रॉकेटं उडाली, टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. फोटोत मी कुठेच नसायची, पण असो. मग सरकारने काटकसर करायला घेतली. नुसत्या बसणाऱ्या माणसांवर एवढा खर्च कशाला, असं कोणाला तरी वाटलं. निरीक्षक कमी झाले आणि आमच्या ताईंच्या गळ्यात दूरचा आणखी एक तळ पडला. एक माणूस दोन डगरींवर पाय ठेवून किती दिवस उभा राहणार?

शेवटी व्हायचं तेच झालं. आमच्या तळाचा परवाना त्या दिवशी संध्याकाळी संपत होता. तोवर उड्डाण झालं नाही तर सरकारी मदत बंद आणि तळाला टाळं. रॉकेट तयार होतं, वारा शांत होता. तेवढ्यात ताईंचा फोन आला. तिकडचं उड्डाण लांबलं होतं आणि त्या वेळेत पोहोचू शकत नव्हत्या.

 सरावाच्या वेळी बटण दाबलेलं राहावं म्हणून माझ्यावर वाळूची पिशवी ठेवत. एका इंजिनिअरने ती आणली आणि हळूच माझ्यावर ठेवली. हिरवा दिवा लागला. मी काय करणार, मित्रांनो? माझ्या बटणाला माणूस आणि वाळू यांतला फरक कळत नाही. त्याची मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

काका जवळ आले. त्यांनी पिशवीवर हात ठेवला. मग त्यांनी ती उचलून खाली जमिनीवर ठेवली. दिवा विझला.

"काका, समुद्रात चिटपाखरू नाहीये," इंजिनिअर रडवेल्या आवाजात म्हणाला.

"माहीत आहे रे," काका म्हणाले. "पण वाळू उठत नाही, बाळा."

त्या संध्याकाळी खरंच काही अघटित घडलं नसतं. वारा तसाच राहिला, समुद्र मोकळाच राहिला. तळ मात्र बंद पडला. काकांचं रॉकेट खोलून सुट्या भागांत नेलं. मी कोठीत धूळ खात पडले. मला रुमालाची फार आठवण यायची.

पुढे सरकारला शहाणपण सुचलं आणि निरीक्षक वाढवायचं ठरलं. ताईंनी काकांचं नाव सुचवलं. माणूस कंपनीतला, म्हणून वरचे लोक कां कू करू लागले, तेव्हा ताईंनी त्यांना इंजिनिअरकडून ऐकलेली पिशवीची हकिगत सांगितली. मग काका दुसऱ्या तळावर रुजू झाले आणि येताना मला मागून घेऊन आले.

तिथलं पहिलं उड्डाण मी विसरणार नाही. रॉकेट सुटलं तशी सगळी माणसं ते पाहायला बाहेर धावली. काका मात्र बसूनच राहिले, कारण रॉकेट आभाळापार जाईपर्यंत निरीक्षकाने उठायचं नसतं. जन्मभर रॉकेटं उडवलेल्या माणसाने त्या दिवशी नुसता आवाज ऐकला. रॉकेट दुसऱ्याचं होतं, तरी त्यांचे कान त्या आवाजालाच लागले होते. "पोहोचलं का गं?" काकांचा पहिला दिवस म्हणून मुद्दाम आलेल्या ताई दारात उभ्या होत्या, त्यांना त्यांनी विचारलं. "पोहोचलं, काका," ताई म्हणाल्या, आणि काका लहान मुलासारखे रडले.

मित्रांनो, आता माझा एक पाय डुगडुगतो आणि गादीतून कापूस डोकावतो. मला नवी गादी नको. तुम्ही मोठे व्हाल, खर्च कुठे कमी करायचा हे ठरवायची पाळी तुमच्यावर येईल. तेव्हा एवढंच करा, माझ्यावर बसणाऱ्या माणसाला काढू नका. तो दिवसभर नुसता बसलेला दिसेल. बसू द्या त्याला.