पदरात घातलेलं पोर

काम्शातचं पोर कझाकस्तानात, अल्माटीत आलं ते थेट माझ्या दारात. मंगोलियातल्या बायान-ओल्गीत तिचं घर आणि माझं घर एकाच ओढ्याकाठी. मी कधीच इकडे निघून आलो. ती आली नाही. "माझी कबर इथंच," म्हणायची, आणि मागच्या थंडीत अल्लानं तिचं ऐकलं. चाळीसाव्याचं जेवण उरकून हुर्मेत निघाला. हातात एक पिशवी, डोक्यावर काम्शातनं विणलेली टोपी.

"आगा, मला वेल्डिंग चांगलं येतं," उंबऱ्यातच म्हणाला.

येत होतंच. बॉयलर बनवणाऱ्या एका कारखानदारानं त्याच्याकडून एक सांधा जोडून घेतला, गार झाल्यावर त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "जागा तुझी. फक्त नंबर आण."

नंबर म्हणजे सरकारी क्रमांक. तो नाही तर नोकरी नाही, बँक नाही, दवाखाना नाही. माणूस हिंडतो-फिरतो, पण दप्तरी तो जन्मलेलाच नसतो.

नंबर देणाऱ्या सरकारी केंद्रातल्या रांगेत आमच्यापुढचा म्हातारा मागे वळून हसला. "घोड्याच्या पुठ्ठ्यावर डाग देतात ना, तसंच हे. बिनडागाचा घोडा कुणीही हाकून नेतो."

"डाग देताना चटका बसतो त्याचं काय?" मी म्हटलं.

"घोड्याला विचारतंय कोण!"

खिडकीत एक तरुण मुलगी होती, नखं रंगवलेली, बोलायला गोड. हुर्मेतचा जन्मदाखला वाचता वाचता ती थांबली.

"भाऊ, तुम्ही जन्मलात तेव्हा तुमच्या आईचं वय अठ्ठावन्न होतं?"

"हो. आपा, आई माझी, म्हातारीच होती."

"अठ्ठावन्नाव्या वर्षी बाळंतीण? वरचे साहेब मानतील का हे? दाखला खोटा म्हणून अर्ज परत येईल आणि तुम्ही सरहद्दीपलीकडे जाल."

खोटं त्यात काही नव्हतं. पहिलं नातवंड आजीचं, ही आमची जुनी रीत. काम्शातच्या सुनेला, रौशानला, मुलगा झाला. काम्शातनं तो ओला गोळा उचलला, सदऱ्याच्या गळ्यातून आत घेतला आणि छातीशी धरला. वडीलधाऱ्यांनी हात उघडून दुवा दिली. रौशान म्हणाली, "आपा, हा तुमचा. मी कधी परत मागणार नाही." दाखलाही काम्शातच्याच नावानं झाला. तेव्हापासून हुर्मेतची आई काम्शात, जन्मदाता बाप त्याचा दादा, आणि जन्म देणारी त्याची वहिनी.

मी हे सांगितलं तेव्हा खिडकीतल्या मुलीला ते नवं नव्हतं. तिनं आवाज खाली आणला. "माझी थोरली बहीणसुद्धा आजीकडेच वाढली. पण कागदाला रीत कळत नाही हो. जन्म देणारी जिवंत आहे?"

"आहे," मी म्हणालो. "इथंच असते. इथली नागरिक आहे."

"मग आणा की तिला! एकदा माझ्यासमोर 'हा माझा मुलगा' म्हणू दे, सही करू दे, मी दाखला दुरुस्तीला पाठवते. नागरिकाचा मुलगा म्हटल्यावर नंबर अडणार नाही. फक्त ह्यांची राहायची मुदत संपायच्या आत."

रौशान शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. नवऱ्याबरोबर इकडे आली, वर्षभरात नवरा घाटात ट्रकखाली गेला. आता पहाटे तंदूर पेटवते, दुकानांना रोट्या देते. आम्हाला बघून तिनं दूध घातलेला चहा मांडला आणि लगेच दिराची फिरकी घेतली.

"काय भाऊजी, बायको कधी आणताय? की हे नाक बघून पोरी पळतात?"

"नाक घराण्याचं आहे, वहिनी. मी काय करू?"

नाक रौशानचंच होतं, ते आम्हा तिघांनाही दिसत होतं. ती चटकन चहा गाळायला वळली.

मी विषय काढला. ती किती वेळ जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानाची सुरकुती सारखी करत राहिली. मग म्हणाली, "आगा, मी शब्द दिलाय."

"काम्शात आता नाही, रौशान."

"म्हणून तर. ती असती तर पाय धरून परत मागितला असता. मेलेल्या माणसाकडून कसा मागू?"

"कागदापुरतं गं. कागद सरकार वाचतं, अल्ला काळीज वाचतो."

तिनं हुर्मेतकडे बघितलं. तो कपातल्या चहाकडे बघत होता. "येते," ती म्हणाली.

जायच्या आदल्या संध्याकाळी माझ्या अंगणात गाण्याची बैठक होती. एक वृद्ध गायक गावोगाव फिरतो, दोन तारांच्या डोंब्रावर उपदेश गातो. त्याचा सूर लागला की माझं मन विरघळतं. रौशानलाही मी बोलावलं, म्हटलं, उद्याचं ओझं हलकं होईल. म्हाताऱ्यानं त्या दिवशी कबरीचा प्रसंग लावला:

"माती टाकून सोयरे गेले, कोण दिवा तुज दावी?
लेकराची एक दुवा गे, अंधाराला भेदी."

माझ्या डोळ्यांना धार लागली. "वाहवा, बुवा, पुन्हा!" मी म्हणालो आणि त्यानं पुन्हा म्हटलं. दाराशी बसलेली रौशान काय ऐकत होती, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी खिडकीतल्या मुलीनं आम्हाला ओळखलं, हसली, कोरा कागद पुढे घेतला. "मावशी, ह्यांच्याकडे बघा आणि सांगा. हा तुमचा कोण?"

रौशाननं हुर्मेतकडे बघितलं. असं बघितलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. कपाळापासून हनुवटीपर्यंत, सावकाश, मोजून घेतल्यासारखं.

"दीर," ती म्हणाली.

मुलीनं पेन खाली ठेवलं. "मावशी, प्रश्न कळला ना? तुम्ही 'मुलगा' म्हणालात तरच..."

"कळला, पोरी. माझा धाकटा दीर. सासूबाईंचं शेंडेफळ."

"रौशान!" मी ओरडलोच.

"आगा, तिचा एक लेक घाटात गेला. कबरीत पोहोचेल अशी दुवा आता ह्या एकाचीच. तो तिचा नाही असं लिहून देऊ? काल तुम्हीच तर पुन्हा म्हणायला लावलंत."



मुलीनं शेवटी हुर्मेतला विचारलं, "भाऊ, तुम्ही तरी बोला."

त्यानं कागद गोळा केले, कडा जुळवल्या, पिशवीत ठेवले. म्हणाला, "वहिनी खोटं बोलत नाही."

मागचा माणूस पुढे सरकला.

कारखान्यात दुसरा माणूस लागला. मुदत संपत आली तशी मी आणखी दोन दारं ठोठावली. दोन्हीकडे तेच उत्तर मिळालं: आधी दाखला दुरुस्त करा. हुर्मेत रागावला नाही, रडला नाही. माझ्या फाटकाची मोडकी बिजागरी तेवढी पक्की जोडून दिली.

त्याच्या परतीच्या, उत्तरेकडे जाणाऱ्या बसपाशी रौशान फडक्यात रोट्या बांधून आली. अजून वाफ निघत होती. हुर्मेतनं गाठोडं घेतलं आणि तिच्यापुढे डोकं वाकवलं. वाटेला लागणाऱ्या लेकराचं कपाळ आई हुंगते, आमच्यात असंच निरोप देतात. काम्शात त्याचं कपाळ हुंगायची. रौशाननं कधीच हुंगलं नव्हतं.

तिचे दोन्ही हात वर गेले. त्याच्या डोक्याच्या दोन बाजूंना टेकले. तो तसाच वाकून राहिला.

"टोपी नीट घाला, भाऊजी," ती म्हणाली आणि टोपी त्याच्या कानांवर ओढली. "वर घाटात वारं वाईट असतं."

"हो, वहिनी."

बस निघाली. ती वळणाआड गेली तरी रौशान हलली नाही. मग तिनं ते दोन्ही तळवे तोंडाशी नेले. दुवा संपली की आपण तोंडावरून हात फिरवतो, तसे. पण हात खाली आले नाहीत.