न छापलेल्या सळया

वीरेशचा फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. वीरेश नांदेडचा ठेकेदार. लातूरच्या गुरुलिंग इंजिनियरांच्या ऑफिसातल्या नकाशांवर तो घरं बांधायचा.

"ताई, ग्यालरीला वरून जादाचं स्टील दाखवलं न्हाई का? उद्या स्लॅब टाकायलोय, म्हनून इचारलो."

ऑफिसात नकाशे छापणाऱ्या विशाखानं संगणकावर नकाशा उघडला. ग्यालरीच्या माथ्यावर पाच लाल सळया स्पष्ट दिसत होत्या. "आहेत की. नीट बघा."

"नीटच बघायलोय. कागदावर न्हाईत."

त्यानं कागदाचा फोटो धाडला. खरंच नव्हत्या. तिनं तोच नकाशा पुन्हा छापून पाहिला. पडद्यावर पाच सळया होत्या, कागदावर त्या जागी काहीच नव्हतं.

"उद्याचा स्लॅब थांबवा," एवढंच ती वीरेशला फोनवर बोलली.

ऑफिसात लागल्यावर तिनं नकाशाच्या सॉफ्टवेअरसाठी छोटे छोटे मॅक्रो लिहिले होते. दोन अक्षरं टाइप केली की वीस कामं आपोआप व्हायची. छपाईचा मॅक्रो तर सगळ्यांच्या बोटांत बसला होता. तो नकाशातले नको असलेले थर, म्हणजे लेयर, लपवायचा, कागद छापायचा आणि लपवलेलं परत दाखवायचा. आल्यागेल्याला सर कौतुकानं सांगायचे, "आमच्या विशाखानं चार माणसांचं काम वाचवलं."

तिनं तो मॅक्रो उघडला. अकराव्या ओळीत तिनंच लिहिलं होतं, 'ईएक्स' या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारे सगळे थर लपव. तेव्हा तसा एकच थर होता, जुन्या बांधकामाचा, 'एक्झिस्टिंग' नावाचा. मागच्या जूनपासून सर जादाच्या सळया 'एक्स्ट्रा' नावाच्या थरावर काढायला लागले होते. मॅक्रोनं सांगितलं तेच केलं होतं, दर वेळी, न चुकता. जूनपासून ग्यालरी असलेली चौदा घरं निघाली.

गुरुलिंग सरांनी सगळं ऐकून चष्मा काढला. "कुणाला बोललीस?"

"वीरेशला फक्त."

"त्याला नवा कागद दे. बाकीच्यांना काही सांगू नको. मिस्तरी लोक अंदाजानं टाकतातच स्टील. बोभाटा झाला तर हे ऑफिस राहणार नाही."

"आणि ज्यांनी टाकलं नसेल त्यांचं? सर, ग्यालरीला वरचं स्टीलच धरून ठेवतं, हे तुम्हीच शिकवलंत मला."

सरांनी चष्मा पुन्हा चढवला आणि दुसरा नकाशा पुढं ओढला.

ती ओळ दुरुस्त करायला तिला अर्धं मिनिट लागलं. गेलेल्या कागदांना त्याचा काही उपयोग नव्हता. यादी घेऊन ती जिन्यात गेली आणि एकेकाला फोन लावायला लागली. दहा जणांनी आपल्या अकलेनं सळया टाकल्या होत्या. एकाचं काम अजून पायाभरणीतच होतं. धर्माबादच्या नरसिंग मिस्तऱ्याचा फोन बंद होता. रेणापूरचा मिस्तरी म्हणाला, "कागदावर न्हवत्या, न्हाई टाकलो. मान्सं ऱ्हायला बी गेली की तिथं."

ती स्कूटीवरून थेट रेणापूरला गेली. घरात बारसं होतं. वर ग्यालरीत बारा-तेरा बायका दाटीवाटीनं उभ्या होत्या. विशाखा धावत जिना चढली. भिंत आणि ग्यालरी जिथं जुळतात तिथल्या फरशीत या टोकापासून त्या टोकापर्यंत केसासारखी रेघ गेली होती.

"सगळ्यांनी आत या. हळू. एकेक जण."

घरधनीण कस्तुराबाई पुढं आली. "कोन गं तू? माज्या नातीच्या बारशात हे काय बोलायलीस?"

"मावशी, ह्या घराचा नकाशा मी छापला. ग्यालरीत सळया कमी पडल्यात. चूक माझी हाय. मला काय बोलायचं ते बोला, पण आधी आत या."

तिचा आवाज ऐकून बायका एकामागून एक आत आल्या. शेवटी बाळाला छातीशी धरून बाळंतीण आली.

ग्यालरी पडली नाही. पण दिवस मावळायच्या आत खालून टेकूच्या बल्ल्या लावायला आलेल्या मिस्तऱ्यानं त्या रेघेत रुपयाचं नाणं घालून पाहिलं, ते सरळ आत गेलं. कस्तुराबाईनं बाजेवरून उठून ग्यालरीच्या दाराला कडी घातली.

तिनं घरी जायच्या आधी सरांना सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सर स्वतः गाडी घेऊन तिच्या दारात उभे होते. "धर्माबादला जायचंय ना? बस," एवढंच म्हणाले.

नरसिंग मिस्तरी घरीच सापडला. "तुमच्या ग्यालरीला टेकू हायेत अजून, काढलो न्हाई," तो म्हणाला आणि दोघांनी श्वास सोडला. मग तो हसून पुढं बोलला, "पन सायेब, नकाशा लई सोपा तुमचा. लोकास्नी आवडला. झेरॉक्स काढून देलो."

"किती जणांना?" सरांनी विचारलं.

"सात-आठ घरं झाली असतील. दोन तर शिवेपल्याड, तेलंगणात."

"कुणाची?"

नरसिंगनं डोकं खाजवलं. विशाखानं वही काढली. त्याला तीन नावं आठवली, चौथ्याचं नुसतं गाव. बाकीची काही केल्या आठवेनात.

परतताना गावाबाहेर एक नवं कोरं घर दिसलं. ग्यालरीत एक बाई मूल कडेवर घेऊन उभी होती. सरांनी गाडी थांबवली. विशाखा उतरून विचारून आली. ते घर त्या कागदावरचं नव्हतं. गाडी निघाली. थोडं पुढं गेल्यावर आणखी एक ग्यालरी दिसली आणि सरांनी पुन्हा ब्रेक दाबला.