लांबचा हात

"हलू नका सिस्टर, ओलं आहे अजून," असं प्लास्टर घालणारा म्हणाला, तरी ती हललीच. दारात तिचे वडील उभे होते.

"बाबा, मी पळाले नाही," ती म्हणाली.

आवाजात तक्रार नव्हती. शाळेतून आलेलं पोर गृहपाठ पूर्ण केल्याचं सांगतं, तशी ती बोलली. अंगावर नर्सचा पोशाख तसाच होता, फक्त उजवी बाही कोपरापर्यंत कापून काढलेली. ज्या खोलीत तिनं इतरांचे हातपाय धरून ठेवले होते, त्याच खोलीत आज दुसरीच कुणी तिचा हात धरून बसली होती.

"कुठे झालं?"

"मागच्या गल्लीत, बॉयलरच्या खोलीच्या भिंतीशी. ड्युटी संपवून आम्ही दोघी निघालो होतो. एक माणूस आडवा आला, पर्स दे म्हणाला. माझी मैत्रीण ओरडत गेटकडे पळाली. मी थांबले. पर्स खाली ठेवली. पाय फाकवले, श्वास पोटात घेतला आणि हात पुढे केला. तुम्ही शिकवलात तसाच."

"मग?"

"तो थांबला बाबा. खरंच थांबला. मला वाटलं, झालं काम. मग हसायला लागला. म्हणाला, काय गं, ट्रॅफिक पोलीस आहेस का? आणि तोच हात धरून पिरगाळला."

वडिलांनी ओठांवरून जीभ फिरवली. आणि त्यांच्या तोंडून जे निघालं, ते ऐकून प्लास्टरवाल्यानंही मान वर केली.

"श्वास कुठे होता? छातीत तर नाही ना आला?"

"पोटातच होता," मुलगी म्हणाली.

वडिलांचा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. बाजाराच्या तोंडाशी एका खणाचं दुकान, त्यात फळीवर ओळीनं मांडलेले काटे, कुणाचं ताट काढलेलं, कुणाची स्प्रिंग बाहेर आलेली. सगळे त्यांना काटेवाले म्हणत. माणूस सरळ, मवाळ, आवाज असा की गिऱ्हाईक दोनदा "काय म्हणालात?" विचारी. पण काट्याच्या बाबतीत कुणाच्या बापाचं ऐकत नसत. दुकानदार किती का शपथा खाईना, काटेवाले आपलं पितळी वजन काढून ताटाच्या चारही कोपऱ्यांत ठेवून बघत. चारही कोपऱ्यांत काटा एकच बोलला, तरच बरोबर.

एकदा एका दांडगट गिऱ्हाइकानं दुकानातच त्यांची गचांडी धरली आणि काटेवाले ती सोडवू शकले नाहीत. बाजार बघत राहिला. ती लाज घेऊन ते टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये गेले. तिथे सर स्वसंरक्षणाचे वर्ग घेत. सर हातानं कौलांची चळत फोडत, पोटावर दगड ठेवून घणाचे घाव घेत. पण त्यांची खरी ख्याती होती ती लांबच्या हाताची. समोरच्यानं धावून यायचं, सरांनी तळवा पुढे करायचा, आणि तो माणूस हात न लावता कोलमडायचा. नाभीतला जोर तळव्यातून निघतो, असं सर सांगत.

पहिल्याच संध्याकाळी सरांनी सगळ्यांना सोडून काटेवाल्यांनाच पुढे बोलावलं. तळवा उचलला. काटेवाल्यांच्या छातीत काहीतरी हललं, गुडघे सुटले, आणि ते धाडकन मॅटवर आले. टाळ्या पडल्या. त्यांच्या आयुष्यात त्यांच्यासाठी टाळ्या अशा कधी वाजल्याच नव्हत्या. त्या दिवसापासून प्रत्येक कार्यक्रमात सरांसमोर पहिले पडणारे काटेवालेच. केस पिकले, पोट सुटलं, तरी तेच. आणि सरांच्या ताटात कुठल्याच कोपऱ्यात वजन ठेवून बघावं, असं त्यांच्या मनात कधी आलं नाही.

बायकोच्या मात्र यायचं. "त्या सरांना एकदा घरी बोलवा हो," ती म्हणायची. "कपाट सरकवायचंय. ते आपले दारातूनच सरकवतील. माझ्या फरशीला ओरखडा नको."

"चेष्टेची गोष्ट नाही ती," काटेवाले म्हणायचे.

"मी कुठे चेष्टा करते? कपाट खरंच सरकवायचंय."

मुलगी नर्स झाली, अवेळी येऊ-जाऊ लागली, तेव्हा काटेवाल्यांनी आपल्यापाशी होतं ते मोलाचं तिला दिलं. बाहेरच्या खोलीत खुर्च्या बाजूला सारून रोज तिला उभं करायचं. पाय असे, श्वास असा, तळवा छातीइतका. "पळायचं नाही," ते बजावायचे. "पळणाऱ्याच्या पाठीत जोर नसतो." आणि हीच मुलगी शाळेत असताना धावण्यात कायम पहिली यायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते हॉलवर गेले. खालून नव्या टायरचा वास येत होता. सर एकटेच होते, रविवारच्या कार्यक्रमासाठी कौलं पुसून रचत होते. पाठ ताठ, पांढरे स्वच्छ कपडे.

"सर, पोरीचा हात मोडला."

"कानावर आलं. वाईट झालं."

"तिनं लांबचा हात वापरला होता."

सरांच्या हातातलं फडकं थांबलं. "तिला कुणी शिकवला?"

"मी. घरच्यांना द्या, असं तुम्हीच म्हणत होतात."

"हं." सरांनी कौल उजेडात धरून पाहिलं. "तिची श्रद्धा कमी पडली असेल. किंवा तो माणूस दारू प्यायलेला असेल. प्यायलेल्याला नाही लागू होत."

"हे आधी कधी सांगितलं नाहीत."

"सगळं एकदम सांगायचं नसतं."

काटेवाल्यांनी चपला काढल्या आणि मॅटच्या मधोमध जाऊन उभे राहिले. "मला पाडा, सर."

"आत्ता?"

"आत्ता. मी काही करणार नाही. नुसता उभा राहतो. इथे बघायलाही कुणी नाही."

सरांनी दाराकडे पाहिलं. मग कौल खाली ठेवलं आणि भिंतीच्या बाकावर बसले. "ये, बस इकडे."

"नको."

"एक विचारू? तुला इतकी वर्षं खरंच वाटत होतं?"

काटेवाल्यांना प्रश्नच कळला नाही.

"मला वाटलं, तुझ्याही लक्षात आलं असेल," सर म्हणाले. "सगळ्यांच्याच येतं. वर्ष-दोन वर्षांत येतं. बोलत कुणी नाही, इतकंच. आपसातला शिष्टाचार असतो तो. पडणाऱ्यानं पडायचं, उरलेल्यांनी टाळ्या वाजवायच्या, पुढच्या वेळी दुसऱ्यानं पडायचं. मला वाटलं, तूही त्यातलाच."

"मग पहिल्या दिवशी मलाच का बोलावलंत?"

"दारात चपला काढत होतास. शेजारच्याचा पाय तुझ्या पायावर पडला, आणि माफी तू मागितलीस." सर हसले. प्रेमानंच हसले. "अशा माणसाला ढकलावं लागत नाही रे. त्याच्याकडे नुसतं बघितलं की पुरतं."

ते लागेल असं बोलत नव्हते, म्हणूनच जास्त लागलं. काटेवाले खाली मान घालून स्वतःचे पाय बघत राहिले.

"रविवारी ये हं," सर पुन्हा फडकं घेत म्हणाले. "हॉस्पिटलच्या मेट्रन सगळ्या पोरींना घेऊन येणार आहेत. कालच्या प्रकारानं घाबरल्यात बिचाऱ्या. महिलांचा वर्ग काढतोय. तू पडलास की लोकांना पटतं. बाकीचे पडतात ते नाटकी वाटतं."

परतताना ते औषधाच्या दुकानात शिरले. दुकानदार वर्गातला जुना, कार्यक्रमात काटेवाल्यांच्या पाठोपाठ पडणारा. दुखण्याच्या गोळ्या पुडीत घालताना त्यानं मुलीची चौकशी केली.

"एक सांगा," काटेवाले म्हणाले. "तुम्ही पडता ते..."

दुकानदारानं आजूबाजूला पाहिलं, आवाज खाली आणला. "म्हणजे काय, असंच. ती कौलंसुद्धा भट्टीत वाळवून आणलेली असतात, बिस्किटासारखी. तुम्हाला माहीतच असेल की."

"मला नव्हतं माहीत."

"काय सांगता!" तो हसत सुटला, आणि समोरचा चेहरा बघून ते हसू त्याला कुठे ठेवावं ते कळेना. "अहो, आम्हाला वाटायचं तुम्हीच सगळ्यांत पक्के. काय सुंदर पडता!"

घरी मुलगी खिडकीशी बसली होती, प्लास्टरचा हात उशीवर ठेवून. काटेवाले तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले. हे वाक्य ते बाजारापासून तोंडात धरून आले होते.

"सर खोटे आहेत गं. सगळं खोटं आहे."

"अच्छा," ती म्हणाली.

"तू त्या माणसावर विश्वास ठेवलास, आणि..."

"मी सरांवर कशाला विश्वास ठेवू?" ती मधेच म्हणाली. "मी त्यांना ओळखत पण नाही. मी तुम्हाला पडताना बघितलंय बाबा. फ्रॉकात होते तेव्हापासून बघितलंय. माझे बाबा उगाच कशाला पडतील?"

स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. बायको दारात आली, दोघांकडे पाहिलं आणि परत आत गेली.

जरा वेळानं मुलगी म्हणाली, "रविवारी आम्हाला सगळ्यांना यायला सांगितलंय. मेट्रनबाई म्हणाल्या, हात मोडलेलीनं तर आधी यायचं."

"तू त्यांना सांगितलंस? लांबचा हात वापरून बघितला होतास ते?"

"नाही."

"का?"

"लोक हसतील. मला नाही, तुम्हाला."

रविवारी सकाळी काटेवाल्यांनी वर्गातले पांढरे कपडे घातले.

"जाताय?" बायकोनं विचारलं.

"जातो. आज पडायचं नाही. नुसतं उभं राहायचंय."

"तेवढंच ना? त्याला काय लागतं?" ती म्हणाली, पण दार लावून न घेता जिन्यापर्यंत आली.

त्यांनाही तसंच वाटत होतं. उभं राहायला काय लागतं? बोलायचं नाही, भांडायचं नाही, कुणाला खोटं पाडायचं नाही. सर तळवा उचलतील, आपण उभे राहू. बघणाऱ्यांना काय ते कळेल, आणि त्या पोरी पुढच्या वेळी गल्लीत कुणी आडवा आला तर पळतील.

हॉल भरला होता. पुढच्या दोन रांगांत नर्सेस, मधे मेट्रन, कडेच्या खुर्चीत मुलगी. सरांनी कौलांची चळत फोडली, तुकडे मेट्रनच्या पायांपर्यंत उडाले. पोरी किंचाळल्या आणि हसल्या. मग सगळे शिष्य एका ओळीत उभे राहिले. रीत ठरलेली होती. पहिल्यानं धावून यायचं, पडायचं, उठून वाकून नमस्कार करून बाजूला व्हायचं, की लगेच दुसऱ्यानं.

पहिले काटेवाले. ते धावले नाहीत. चालत मॅटच्या मधोमध गेले आणि उभे राहिले. सरांनी डोळे बारीक केले. मग तळवा उचलला.

काटेवाल्यांनी दात आवळले. उभं राहायचं. त्यांचा निर्धार पक्का होता, पण तो गुडघ्यांना कुणी कळवलाच नव्हता. छातीत तेच जुनं काहीतरी हललं, पाय सुटले, आणि ते नेहमीसारखे, किंबहुना नेहमीपेक्षाही सुंदर, पाठीवर आले. हात आपोआप मॅटवर आपटून धाप्पकन आवाज झाला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. "खरंच आहे गं!" कुणीतरी पोरगी म्हणाली. मेट्रन शेजारणीला सांगत होत्या, "उद्यापासून सगळ्यांनी यायचं हं. एकीनंही टाळायचं नाही." कडेच्या खुर्चीत मुलगी प्लास्टरवर डावा हात ठेवून बसली होती. तिनं मान खाली घातली होती.

काटेवाले उठून बसले. पुढे उठून नमस्कार करायचा होता. ते बसूनच राहिले.

ओळीत पुढचा नंबर औषधवाल्याचा. त्यानं धावायला घेतलेलं पाऊल मागे घेतलं. "काटेवाले," तो दबक्या आवाजात म्हणाला, "उठा की."

ते उठले नाहीत.

"बघा," सर सभेकडे वळून हसत म्हणाले, "अजून जोर उतरलेला नाही त्यांच्या अंगातला." लोक हसले. मग सर हलकेच म्हणाले, "ऊठ आता."

"तुम्ही उठवा, सर."

"काय?"

"लांबून पाडलंत ना. लांबूनच उठवा."

आवाज नेहमीसारखाच बारीक होता. पण हॉल शांत होता, आणि पहिल्या दोन रांगांना तो नीट ऐकू गेला. एक अगदी कोवळी नर्स खुर्चीतून पुढे सरकली आणि मनापासून म्हणाली, "हो सर, उठवा ना!" तिच्यामागून आणखी दोघीतिघी म्हणाल्या. चेष्टेनं नव्हे, त्यांना खरंच बघायचं होतं.

सरांना हात उचलावा लागला. तळवा छताकडे करून त्यांनी तो हळूहळू वर नेला. खांद्यापर्यंत नेला, डोक्यापर्यंत नेला. काटेवाले मांडी घालून बसले होते. त्यांच्या लक्षात आलं, उभं राहणं आपल्याला जमलं नाही, पण बसून राहणं जमतंय. त्यासाठी काहीच करावं लागत नव्हतं. गुडघे जमिनीवरच होते, त्यांना सुटायला जागा नव्हती.

सरांचा हात वर जाऊन थांबला. त्याहून वर जायला कुठे नव्हतं. मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं.

"वयामुळे," सर म्हणाले, आणि कुणीच हसलं नाही. मग ते चालत आले. वाकून कुजबुजले, "पाया पडतो तुझ्या, ऊठ."

"कशी आहे पोरगी, विचारलं नाहीत," काटेवाले म्हणाले.

सरांनी त्यांच्या बगलांत हात घातले आणि ओढलं. काटेवाले अंगानं जड, त्यात त्यांनी अंग सैल सोडलेलं. एकदा ओढून झालं, दुसऱ्यांदा झालं. सरांना धाप लागली, पांढरा सदरा कमरेतून सुटला. कडेच्या खुर्चीतल्या मुलीनं मान वर केली होती.

सरांचे हात काटेवाल्यांच्या बगलांत तसेच होते. थंडगार होते. इतक्या वर्षांत सरांनी त्यांना पहिल्यांदाच हात लावला होता.