पेट्रोल फाटकावर जाते

चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात पेट्रोल महागलं आणि हिंगणघाटच्या आमच्या कार्यालयाला शोध लागला की आपली जीप पेट्रोलवर चालते. वरून परिपत्रक आलं: गाडी लिटरला किती धावते ते कळवा. आमची धावत होती चार किलोमीटर. बाकीचं पेट्रोल ड्रायव्हर कवडू विकतो, असं साहेबांनी परिपत्रक वाचता वाचताच ठरवलं.

कवडू सात वर्षं रोजंदारीवर होता. एक जानेवारीला कायम व्हायचा होता.

खरी गोष्ट अख्ख्या गावाला दिसायची. साहेबांचा बंगला रुळांच्या अलीकडे, कार्यालय पलीकडे. साहेब निघत साडेदहाला. नेमकी तेव्हाच कोळशाची मालगाडी यायची, फाटक पडायचं, आणि जिनिंगला निघालेल्या कापसाच्या बैलबंड्या रस्ताभर लागायच्या. त्यांच्यामध्ये जीप अर्धा अर्धा तास गुरगुरत उभी. इंजिन बंद करायला साहेबांची मनाई होती. साहेब आत आणि इंजिन बंद दिसलं, की लोक आपुलकीनं धक्का मारायला धावतात. ते पदाला शोभत नाही.

"साहेब, नऊ वाजता निघालो तं फाटक खुल्लं भेटते," कवडूनं एकदा सुचवलं होतं.

"नऊला मी अंघोळीत असतो," साहेब म्हणाले. विषय तिथेच संपला.

आता त्याचा जबाब घ्यायचं काम माझ्याकडे आलं. मी कारकून. जबाब शब्दशः लिहायचा असा नियम होता, आणि नियम पाळण्यात माझा हात कोणी धरू शकत नसे.

"लिहा बंडूजी," कवडू म्हणाला, "पेट्रोल फाटकावर जाते."

मी लिहिलं. पेट्रोल फाटकावर जाते. खाली त्याची सही घेतली.

साहेबांनी वाचलं आणि चष्मा काढला. "कबूलच केलं की! फाटकावर कोणाला देतोस?"

"कोनाले देऊ साहेब? गाडीच पिऊन राह्यली. उभ्या उभ्या."

"जबाबात गाडी पिते असं कुठं आहे?"

नव्हतंच. कवडूनं माझ्याकडे पाहिलं. मी दौतीचं झाकण लावलं.

तरी साहेब न्यायी माणूस. गाडीची चाचणी घ्यायचं त्यांनी ठरवलं. रविवारी, सकाळी सहाला.

"साहेब, सोमवारी साडेदहाले घ्या ना," कवडूनं हात जोडले.

"साडेदहाला गाडी कामावर असते. चाचणीत सरकारी वेळ घालवू?"

रविवारी रस्त्यावर एक कुत्रं होतं, तेही बाजूला झोपलेलं. कवडूनं मालगाडीची इतकी आस कधी धरली नसेल. पण फाटक सताड उघडं, आणि सुटीच्या दिवशी पहाटे साहेबांची जीप पाहून फाटकवाल्यानं वर सलाम ठोकला. जीप लिटरला अकरा धावली.

"पाहिलंत? गाडी निर्दोष आहे," साहेब मला म्हणाले.

सोमवारी साहेबांनी मलाही जीपमध्ये बसवलं, फाटकावरचं गिऱ्हाईक पकडायला. मालगाडी आली, बंड्या लागल्या, इंजिन थरथरत राहिलं. मी घड्याळ पाहिलं. पस्तीस मिनिटं झाली.

"कोणी आलं पेट्रोल न्यायला?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब."

"आपण बसलोय म्हणून."

कवडू मागे वळला. "बंडूजी, आता तं तुमीई पाह्यलं. पेट्रोलचा काटा खाली गेला का नाई?"

"गेला," मी म्हणालो.

"मंग लिहा ना."

मी साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "जे घडलं तेवढंच लिहा. कोण आलं?" मी मांडीवर कागद ठेवून लिहिलं: फाटकावर कोणी आले नाही. इंजिनाच्या थरथरीनं अक्षर जरा वाकडं आलं, पण साहेबांनी चालवून घेतलं. सही केली आणि कवडूला म्हणाले, "उद्यापासून येऊ नको."

कवडूनं स्टिअरिंगवरचे हात काढले. पुढे बंड्या, मागे बंड्या, मधे आम्ही.

"साहेब," त्यानं विचारलं, "आत्ताच उतरू, का फाटक उघडल्यावर?"

साहेबांनी रांगेकडे पाहिलं.

"उघडल्यावर," ते म्हणाले.